जंतूंची भावकी

"आधी घराणं सांग, नाव मागून."

चंद्रभागाआक्का हे वाक्य कुणालाही ऐकवायची. गाडीवर नव्यानं आलेल्या कंडक्टरला ऐकवायची, बांगड्या भरायला दारात बसलेल्या कासारणीला ऐकवायची, आणि एकदा तर डोळ्यांच्या शिबिरात तिच्या पापणीवर बॅटरी धरणाऱ्या डॉक्टरलाही तिनं ते ऐकवलं. डॉक्टर हसला. त्यानं गाव सांगितलं, मामाचं गाव सांगितलं, आणि औषधाचा थेंब डोळ्यात पडायच्या आत आक्कानं त्याच्या चुलत बहिणीसाठी एक स्थळ सुचवलं.

सोयरिका जमवाव्यात तर आक्कानं, असं युसूफ वडगावच्या पंचक्रोशीत लोक म्हणत. हे ज्ञान तिनं शाळेत मिळवलं नव्हतं. तरुणपणी ती नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जायची. कारखान्याच्या माळावर पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या पडत, केजची कोपी आष्टीच्या कोपीला टेकलेली, धारूरची शिरूरच्या शेजारी. संध्याकाळी चुली पेटल्या की धूर एकमेकांत मिसळायचा आणि धुराबरोबर गोष्टीही. कुणाची आत्या कुठं दिली, कुणाचं देवक काय, कुणाची भावकी कधी फुटली, हे सगळं आक्काच्या कानांवरून जायचं आणि आत जाऊन बसायचं. नवरा गेला, कोयता सुटला, पण आत बसलेली घराणी तशीच राहिली. पुढं तिनं ती एकमेकांना जोडायला सुरुवात केली. तिनं जमवलेली एकही सोयरीक कधी मोडली नव्हती, आणि ही गोष्ट ती स्वतःच्या तोंडानं कधी सांगत नसे. समोरचा सांगेपर्यंत गप्प बसून राहायची, एवढंच.

अशा या आक्काला वर्षातून एक पंधरवडा फार जड जायचा. पितरपाट. या दिवसांत लग्नाचा शब्द काढायचा नाही, स्थळ सुचवायचं नाही, कुणाच्या मुलीचं वयही विचारायचं नाही. आक्का तेव्हा गावात अशी हिंडायची की जणू तोंडात गूळ आहे आणि चावायला बंदी आहे.

त्याच पंधरवड्यात एका दुपारी ती रामहरीच्या अंगणात शिरली आणि ओट्यावर वर्षाराणी रडताना दिसली.

वर्षाराणी ही रामहरी आणि वत्सलाबाईची लेक. अंबाजोगाईला लॅबचा डिप्लोमा करत होती. रक्त, लघवी, थुंकी तपासायचं शिक्षण. पहिल्या वर्षाचे सगळे विषय निघाले, एक मायक्रोबायोलॉजी राहिली. जंतूंचा विषय. लेखी कशीबशी निघाली होती, पण प्रॅक्टिकलला बाईंनी सूक्ष्मदर्शकात काय दिसतंय ते विचारलं आणि तिच्या डोळ्यांपुढं सगळे ठिपके एकच झाले. आता फेरपरीक्षा होती. पास झाली तर दुसरं वर्ष आणि हॉस्टेलची खाट कायम. नापास झाली तर खाट दुसऱ्या मुलीला.

आणि खाट गेली की घरी एकटीनं राहायचं कसं? दिवाळीनंतर रामहरी आणि वत्सलाबाई ऊसतोडीच्या टोळीबरोबर कारखान्याला जाणार होते. घराला कुलूप लागणार होतं. रामहरी वाईट माणूस नव्हता. त्यानं एवढाच हिशेब केला होता की पोर हॉस्टेलात तरी असावी, नाहीतर नवऱ्याच्या घरी. म्हणून श्रावणातच त्यानं आक्काला सांगितलं होतं, आणि आक्कानं नेकनूरच्या आप्पारावांचा युवराज आणला होता. मोबाईलचं दुकान, दोन मजली घर, पोरगा निर्व्यसनी. मुलगी पसंत पडली होती. पितरपाट सरला की सुपारी फोडायची, असं ठरत आलं होतं.

"कावून रडायलीस ग राणे?" आक्का ओट्यावर टेकली.

"काई न्हाई आक्का."

"काई न्हाई तर मग नाक कावून लाल झालंय? इंगळी चावली का?"

"हे पाठच होत न्हाई." वर्षानं मांडीवरचं पुस्तक ढकललं. "स्टॅफिलोकोकस, स्ट्रेप्टोकोकस, साल्मोनेला, क्लेब्सिएला... डोक्यात नुसती जत्रा भरलीय."

आक्काचे कान टवकारले. तिच्या पोटातली सगळी बांधून ठेवलेली भूक एकदम जागी झाली.

"थांब. पैले दोघं परत सांग."

"स्टॅफिलोकोकस. स्ट्रेप्टोकोकस."

"दोघांच्या बी शेवटाला कोकस. भावकी दिसती."

"तसं न्हाई आक्का. कोकस म्हंजी गोल दाणा. आकार हाय तो."

"मंग तोंडावळा सारखा म्हण की. तोंडावळा सारखा असला म्हंजी कुठंतरी नातं असतंयच. हे राहत्यात कसे? एकटे का गोतावळ्यात?"

वर्षानं डोळे पुसले. तिला पुस्तकातलं चित्र आठवलं. "स्टॅफिलो घोसानं राहतो. स्ट्रेप्टो माळेनं."

आक्का उठली, आत गेली आणि वत्सलाबाईची दोन सुपं घेऊन आली. बरोबर वाटीभर जोंधळे आणि वाटीभर तांदूळ. "सांग आता. गोल ते जोंधळे. लांबट कोण हायत?"

"ते बॅसिलाय. काडीसारखे."

"ते तांदूळ. आन ही दोन सुपं कुणाकुणाची? दोन तट असतीलच. तटाबिगर गाव असतंय व्हय?"

वर्षा थबकली. मग तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. कारण दोन तट होतेच. "आक्का, जंतूंना जांभळा रंग देतात. मग आयोडीन. मग स्पिरिटनं धुतात. काहींचा रंग जातच न्हाई, ते जांभळेच राहत्यात. काहींचा धुऊन निघतो, मग त्यांना लाल रंग द्यायचा, ते गुलाबी दिसत्यात."

"कावून जात न्हाई?"

"त्यांची भिंत जाड असती. रंग मुरतो."

"आन गुलाब्यांची?"

"पातळ. वरनं तेलकट पापुद्रा."

"हां!" आक्कानं मांडीवर थाप मारली. "जाड भितीचं जुनं घराणं, हळद लागली की निघत न्हाई. आन दुसरं पातळ भितीचं, वरनं नुसता तेलाचा चकचकाट, एका पाण्यात रंग गेला. असली दोन्ही घरं मी लई बघितलीत. चल, जांभळ्यांचं सूप हे, गुलाब्यांचं ते."

त्या दुपारी ओट्यावर जंतूंची भावकी बसायला लागली. जांभळ्या सुपात जोंधळ्यांचा घोस: स्टॅफिलोकोकस. शेजारी जोंधळ्यांची माळ: स्ट्रेप्टोकोकस. आक्काचं मात्र नावावर समाधान होईना. नाव कळलं, तट कळला, पण खरा प्रश्न राहिलाच होता.

"दिला कुठं ह्याला?"

"म्हंजी?"

"म्हंजी सासुरवाडी कोणती? कुठं जाऊन बसतो हा?"

"घोसवाला कातडीवर. गळू करतो, जखमेत पू करतो."

"आन माळवाला?"

"घशात. घसा सुजतो. लक्ष न्हाई दिलं तर पुढं सांधे धरतो, काळजाच्या झडपा बी खराब करतो."

"बघ, आला घशाला आन हात घातला काळजाला. असलेच जावई नडत्यात."

आतून वत्सलाबाईचं हसू फुटलं. "आक्का, पैले मला वाटलं तुमी सुनांनाच जंतू म्हणायल्या."

"छट! सून कशाला जंतू व्हईल? बिनबोलावता येतो, बसतो, खातो, उठायचं नाव घेत न्हाई, त्यो जावईच."

मग काय विचारता! पितरपाटाची ती बंदी, ते मुकेपण, सगळं या सुपांमध्ये वाहून गेलं. आक्का रोज दुपारी यायची. वर्षा एकेक जंतू पुढं करायची आणि आक्का त्याची उलटतपासणी घ्यायची. निमोनियाचा जंतू आला तेव्हा मोठा पेच पडला. आडनाव माळवाल्यांचं, स्ट्रेप्टोकोकसच, पण माळ करत नाही. दोन-दोन दाण्यांच्या जोडीनं राहतो. आक्कानं कपाळाला आठ्या घातल्या, मग म्हणाली, "भावकीत असून वेगळी चूल मांडली म्हण की. आन जोडीनं राहतो म्हंजी कोयता झाला." ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एकच 'कोयता' मोजला जातो, तशी ही दाण्यांची जोडी. वर्षाला तो जंतू त्यानंतर कधी विसरता आला नाही.

गुलाबी सुपातही एक जोडी निघाली. नायसेरिया.

"हा बी कोयता. आन ह्याची सासुरवाडी?"

वर्षा आत डोकावली. बाप नव्हता. "त्यो... आक्का, परमा असतो न्हाई का, त्यो गुप्तरोग."

आक्कानं पदर तोंडाला लावला आणि ओट्यावर आडवी व्हायची बाकी राहिली. "आग बाई बाई! ह्याला कुणी सासुरवाडी दिलेलीच न्हाई! हा आपणच रात्रीचा हिंडतो. ठेव त्याला सुपाच्या कडंला, बाकीच्यांत मिसळू नको!"

गुलाबी सुपात तांदूळ वाढत गेले. टायफॉइडचा साल्मोनेला. हगवणीचा शिगेला. ई-कोलाय आला तेव्हा वर्षा म्हणाली की हा आपल्या आतड्यात राहतो तोवर बहुतेक वेळा गरीब असतो, पण लघवीच्या वाटेत शिरला की जळजळ, ताप. आक्का लगेच म्हणाली, "सोताच्या घरात मुकाट आन सासुरवाडीत आला की आग लावतो! असा एक माझा चुलत जावई हाय, नाव न्हाई घेत." मग जरा थांबून म्हणाली, "उसाच्या फडात बायांना हा लई छळतो. आडोसा नसतो, बाया दिवसभर पाणी पीत न्हाईत." आणि तो तांदूळ तिनं जरा जोरानंच सुपात टाकला.

पटकीचा जंतू वाकडा, म्हणून तो झाला बडीशेपेचा दाणा. उंदराच्या मुतातून पाण्यात, पाण्यातून पायाच्या भेगांत शिरणारा लेप्टोस्पायरा पीळदार, म्हणून तो झाला शेवयाचा तुकडा. धनुर्वाताचा जंतू मातीत वर्षानुवर्षं झोपून राहतो आणि खिळ्याच्या जखमेत हवा मिळेनाशी झाली की उठतो, हे ऐकून आक्का म्हणाली, "कोंडलं की उठतो! उलटी खोपडी." क्षयाचा जंतू मात्र कुठंच बसेना. अंगाला मेणासारखं आवरण, साधा रंग धरतच नाही. तापवून रंग द्यावा लागतो, आणि एकदा धरला की आम्लानं धुतला तरी सोडत नाही. "उपरा हाय," आक्कानं निकाल दिला. "त्याला दोन्ही सुपांच्या मधी भुईवर ठेव."

सगळ्यात मोठा धक्का तिला औषधांनी दिला.

"म्हंजी असल्या जावयाला घालवायची औषधं बी निघालीत?"

"पेनिसिलिन जंतूची भिंतच बांधू देत न्हाई. पर औषध अर्ध्यात सोडलं तर उरलेले निर्ढावत्यात. मग तेच औषध त्यांना लागत न्हाई."

आक्कानं सुपातला एक दाणा उचलून बोटांत फिरवला. "जन्म गेला माझा," ती शेवटी म्हणाली, "जोडायची इद्या शिकण्यात. मोडायची बी इद्या असती, आन ती बी शिकावी लागती, हे मला कुणी सांगितलंच न्हाई."

आता या ओट्याला लागून भिंत होती आणि भिंतीपलीकडं कडूबाईचं घर. कडूबाई गोवऱ्या थापायची, आणि गोवऱ्या थापताना हात गुंतलेले असतात, कान मोकळे. तिच्या कानावर पडायचं ते असं: "त्या माळवाल्याला कुठं दिला?" "घराणं जांभळ्यांचं, भिती जाड." "असला जावई नको गं बाई!" कडूबाईला घाम फुटला. पितरपाटात सोयरीक! तीही आक्काच्या तोंडून! आणि रामहरीची पोर तर नेकनूरला दिल्यासारखीच होती. मग ही माळवाली, जांभळ्या घराण्याची माणसं कोण? कडूबाईची नणंद नेकनूरची. पुढचं मोबाईलनं केलं.

रामहरीच्या घरी पितर जेवू घालायचा दिवस होता. कढी उकळत होती, वडे तळले जात होते, गवारीची भाजी झाली होती. आक्का वाढायला मदत करत होती. पंगत बसायच्या बेतात असतानाच दारात मोटारसायकल थांबली आणि तिच्यावरून आप्पाराव उतरले. मागून युवराज उतरला, मानेला रुमाल गुंडाळलेला.

आप्पाराव नेकनूरचे जुने बागायतदार. आवाज मोटारीच्या पंपासारखा. "रामहरी! कुठं हाय ती चंद्रभागाबाई? पितरपाटात दुसरी सोयरीक बोलता? आमी काय मेलो का?"

"आधी बसा पाव्हणं," रामहरी गोंधळून म्हणाला. "पितराचा दिवस हाय."

आणि इथं आप्पारावांची पंचाईत झाली. पितराच्या दिवशी दारात आलेला माणूस उपाशी परत जात नाही. जाऊ देत नाहीत आणि जाणाराही जात नाही. भांडायला आलेल्या आप्पारावांना हातपाय धुऊन पाटावर बसावं लागलं. पत्रावळीवर भात पडला, कढी पडली, वडा पडला. राग तसाच, पण तोंडात घास.

"कोण हायती ती माळवाली?" ते वडा मोडत म्हणाले. "म्हंजी... हूं... कुठल्या गावची? जाड भिती म्हणं त्यांच्या! आमच्या काय कुडाच्या हायत?" आणि कढीचा भुरका मारला.

रामहरीनं आक्काकडं पाहिलं. आक्कानं वत्सलाबाईकडं. वत्सलाबाईला खोकला आला, की हसू, ते कळलं नाही. तेवढ्यात वर्षा आतून धावत आली. तिच्या हातात एक सूप होतं, रिकामं.

"आई! गुलाबी सुपातले तांदूळ कुठायत?"

"सूप लागलं मला. तांदूळ टाकले की भातात."

"सगळे?" वर्षाचा आवाज चिरकला. "साल्मोनेला, शिगेला, ई-कोलाय, समदे? आई, अगं टायफॉइड भातात गेला!"

आप्पारावांचा घास हातातच राहिला. त्यांनी पत्रावळीकडं पाहिलं, जणू भातातलं शीत अन् शीत वळवळायला लागलंय. युवराजनं तोंडातला घास गिळावा की नाही म्हणून गाल फुगवून धरला. आणि मग वत्सलाबाई, जी लग्न होऊन आल्यापासून पाव्हण्यांसमोर कधी मोठ्यानं हसली नव्हती, ती खांबाला धरून हसायला लागली. तिचं पाहून वर्षा, वर्षाचं पाहून रामहरी, आणि भिंतीपलीकडून, काहीच न कळता, कडूबाई.

पुस्तक आलं. चित्रं दाखवली गेली. माळवाले दाखवले, घोसवाले दाखवले. आक्कानं युवराजच्या मानेवरचा रुमाल हळूच बाजूला केला. खाली लालबुंद गळू. "हे बघा आप्पाराव, जांभळ्या घराण्याचे घोसवाले. तुमच्याच घरी पाव्हणे आलेत आन तुमी इथं शोधायलात."

"दाबू नका ते," वर्षा युवराजला म्हणाली. "दवाखान्यात दाखवा."

युवराजनं मान हलवली आणि गिळून टाकला घास. पण आप्पाराव हसले नाहीत. परगावी, पंगतीत, हातात घास धरून माणूस फजीत झाला की त्याला काहीतरी जिंकून परत जावं लागतं.

"ठीक हाय," ते म्हणाले. "गैरसमज मिटला. मंग घट बसायच्या दिवशी सुपारी फोडायची. त्याच दिवशी. न्हाईतर आमी दुसरी पोर बघायला मोकळे."

वर्षा पुढं झाली. "त्या दिवशी माझी प्रॅक्टिकल हाय."

"नापासाची परीक्षा ती. आमच्या घरी कुणाची थुंकी तपासायचीय तुला?"

रामहरीनं लेकीकडं पाहिलं, मग पाव्हण्याकडं, मग नजर खाली घातली. घर चांगलं होतं. पुन्हा असं घर येईल की नाही, कोण सांगणार? पोर पास होईलच, हे तरी कोण सांगणार? तो म्हणाला, "आक्का, सोयरीक तुमी आणलीत. तुमी म्हणाल तसं."

वर्षाराणीला त्या क्षणी ओट्यावरचा प्रत्येक दाणा वेगवेगळा दिसला. आक्काची एकही सोयरीक मोडलेली नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. आक्कानं नुसतं "हो" म्हटलं की ती गोष्ट पुढंही तशीच राहणार होती.

आक्कानं हात धुतला. पदराला पुसला. मग वड्यांचं ताट उचलून आप्पारावांसमोर आली.

"आप्पाराव, घराणं तुमचं चांगलं. पोरगं लई चांगलं. पर ही सोयरीक मी मोडते."

"काय?"

"मोडते म्हणलं."

"तुमी? चंद्रभागाबाई? कावून?"

"माझं बी काम अडलंय म्हणून." आक्का खरंच अडचणीत पडल्यासारखी बोलली. "इतके दिवस मी ह्या पोरीच्या पाव्हण्यांची उठबस केली. कोण कुणाचा, कुणाला कुठं दिला, समदं लावून दिलं. आता तिला तिथं बाई विचारणार, आन हिनं इथं सुपाऱ्या फोडत बसायचं? मला झोप तरी लागंल का?"

"तुमचा शब्द हाय आमाला!"

"व्हता. आता न्हाई. चार लोकांत सांगा, चंद्रभागानं शब्द मोडला. खरं हाय ते." तिनं ताट पुढं केलं. "वडा घ्या आजून एक. गरम हाय."

आप्पाराव तिच्याकडं बघत राहिले. शेवटी त्यांनी वडा घेतला. पितराचा दिवस, नाही कसं म्हणायचं? पण जाताना मोटारसायकलीला इतक्या जोरात लाथ मारली की ती दोनदा बंद पडली.

"आता नापास झाली तर?" रामहरी दारातच म्हणाला.

"तर मी दुसरं घर बघीन. बघावंच लागंल. पर आधी नापास होऊ दे की बे," आक्का म्हणाली. बाप्याला बाप्यानं घालायची हाक आक्कानं घातलेली रामहरीनं पहिल्यांदाच ऐकली. तो मुकाट आत गेला.

घट बसायच्या दिवशी वर्षाराणी अंबाजोगाईला प्रयोगशाळेत उभी होती. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम चष्म्यावरून बघत होत्या. "पहिली स्लाइड बघ."

तिनं डोळा लावला. आधी नुसता उजेड. मग चक्र हळू फिरवलं आणि उजेडातून जांभळे दाणे वर आले, एकाला एक लागून. तिच्या ओट्यावरची माळ.

"ग्रॅम पॉझिटिव्ह, गोल, माळेनं. स्ट्रेप्टोकोकस, मॅडम. घशात दिला... घशाला संसर्ग करतो."

"दुसरी."

गुलाबी. जोडीजोडीनं, पूच्या पेशींच्या आत. तिच्या तोंडून निघून गेलं, "कोयता!"

"काय?"

"जोडी, मॅडम. गुलाबी जोडी. म्हणजे ग्रॅम निगेटिव्ह डिप्लोकोकस. नायसेरिया." आणि मग कानाच्या पाळीपर्यंत लाल होत, "परमा."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "क्षयाचा जंतू यात कुठल्या गटात बसवशील?"

"तो कुठल्याच सुपात नाही."

"सुपात?" मॅडमचे खांदे हलायला लागले. वर्षानं सावरून तापवून द्यायचा रंग सांगितला, आम्ल सांगितलं. मॅडमनी हसू आवरून विचारलं, "लेप्टोस्पायरा साध्या सूक्ष्मदर्शकात दिसेल?"

शेवयाचा तुकडा तिच्या डोळ्यांपुढं आला, पण बाकी काही येईना.

"फार बारीक असतो. काळ्या पार्श्वभूमीचा सूक्ष्मदर्शक लागतो. वाचून घे," मॅडम म्हणाल्या. "जा आता. आणि ते सुपाचं कुणी शिकवलं ते बाहेर गेल्यावर सांग मला."

निकाल दिवाळीच्या तोंडावर लागला. पास. काठावर, पण पास. रामहरीनं मोबाईल तीनदा उलटासुलटा करून बघितला आणि मग उगाच बैलांना चारा घालायला गेला, चारा घातलेला असताना. हॉस्टेलची खाट राहिली.

आक्काचं मात्र नाव गेलं. आप्पारावांनी नेकनूरच्या बाजारात सांगितलं, कडूबाईनं इकडं सांगितलं, आणि दोन घरांनी आक्काकडं दिलेली स्थळं परत घेतली. "सोयरीकमोडी आली," असं पोरं चिडवायची. आक्का त्यांना ढेकूळ मारायची आणि हसायची, आणि कुणाला तरी सांगायची की मोडायला पण अक्कल लागते, विचारा आमच्या वर्षाला. मग एक दिवस लांबच्या एका वस्तीवरून तिला निरोप आला. पोरीला शिकायचंय, शिकू देईल असं घर हवंय, मोडायची हिंमत असलेली बाई हवीय म्हणाले.

ती निघाली त्याच सकाळी वर्षाही हॉस्टेलला निघाली होती. दोघी फाट्यापर्यंत बरोबर चालल्या. टोळीचा ट्रक आदल्या दिवशीच गेला होता. घराला कुलूप लागलं होतं आणि किल्ली वर्षाच्या पर्समध्ये होती.

"पुढच्या वर्षाला कोण हायत?" आक्कानं विचारलं.

"बुरशी. आन विषाणू. आन पोटातले जंत."

"घराणी हायत त्यांच्यात?"

"लई हायत आक्का."

"पितरपाटात ये मंग." एसटी आली. आक्कानं वर्षाच्या पाठीवर एक थाप दिली, पिशवी खांद्यावर टाकली आणि डांबरी सोडून वस्तीच्या पायवाटेला लागली.

वर्षाराणी गाडीच्या पायरीवरच थांबली. तूर छातीइतकी झाली होती, पिवळी फुलं धरलेली. त्या पिवळ्यातून आक्काचा हिरवा पदर भराभर पुढं चालला होता. मध्येच कुणीतरी बांधावरून तिला हाक मारली, तशी ती हात उडवत काहीतरी ओरडली, आणि त्या दोघांचं हसू वाऱ्यावर इथपर्यंत आलं. कंडक्टर म्हणाला, "ताई, आत या." वर्षा गेली नाही. गाडीनं वळण घेतलं, तिनं दांडीला धरून मान मागं वळवली आणि हिरवा ठिपका तुरीत बुडेपर्यंत बघत राहिली.